केसपेपरवरचे शब्द समजून घेताना

नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९६८ पासून विदर्भातले आणि लगतच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडमधले रुग्ण येथे येतात. सकाळच्या ओपीडीत तपासणी करून बाहेर आलेला माणूस हातातला केसपेपर उलटसुलट करून पाहतो. त्यावर घाईत लिहिलेले चार-दोन इंग्रजी शब्द असतात. बाहेर थांबलेली बायको विचारते, "काय म्हटलं हो डॉक्टरनं?" तो म्हणतो, "काही नाही, दाढेचं आहे म्हणे."

केसपेपरवर मात्र लिहिलेले असते, 'ॲडव्हाइस बायोप्सी'. त्याचा अर्थ त्याला नीट कळलेला नसतो किंवा कळूनही त्याने तो बाजूला ठेवलेला असतो. तो परत येतो तेव्हा कधी चार, कधी सहा महिने उलटलेले असतात. याच रांगेत उलटे चित्रही दिसते. 'सिस्ट' हा शब्द ऐकून रात्रभर झोप न लागलेली एखादी मुलगी आईला घेऊन आलेली असते आणि तिचा आजार छोट्या शस्त्रक्रियेने बरा होणारा असतो.

म्हणजे ज्याने घाई करायला हवी तो निर्धास्त राहतो आणि ज्याला भिण्याचे कारण नाही तो घाबरतो. तोंडाच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे शब्द थोडे समजून घेतले, तर ही गफलत टळू शकते. या शब्दांचे ढोबळमानाने तीन गट करता येतात: ऐकायला भीतीदायक पण तुलनेने साधे, काही तासांत रुग्णालय गाठायला लावणारे आणि सावकाश येणारे पण सर्वांत घातक.

हे डॉक्टर नेमके कोण?

दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन जे तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करतात, त्यांना 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन' म्हणतात. मराठीत त्यांना मुखशल्यचिकित्सक म्हणता येईल. अक्कलदाढ काढण्यापासून अपघातात मोडलेला जबडा जोडण्यापर्यंत त्यांचे काम असते. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांनी 'ओरल सर्जरीला दाखवा' असे लिहिले, तर मोठाच आजार झाला असे समजू नये.

भीतीदायक शब्द, साधे आजार

इम्पॅक्शन: अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात तेवढी जागा नसेल तर ती आडवी किंवा तिरपी अडकते. अशा अडकलेल्या दाढेला 'इम्पॅक्टेड' म्हणतात. अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीची झाकण असल्यासारखी पट्टी राहते. तिच्याखाली अन्न साचून सूज आली की 'पेरिकोरोनायटिस' असे लिहितात. प्रत्येक अडकलेली दाढ काढावीच लागते असे नाही. ती वारंवार सुजत असेल, शेजारच्या दाढेला कीड लावत असेल किंवा तिच्याभोवती सिस्ट होत असेल, तर काढणे योग्य ठरते.

ड्राय सॉकेट: दात काढल्यावर उरलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती गुठळी म्हणजे जखमेवरचे नैसर्गिक झाकण. ते निघून गेले की आतले हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. जखम स्वच्छ करून औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो. ही वेळ येऊ नये म्हणून पहिले २४ तास जोरात चूळ भरू नये, सारखे थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. बिडी, सिगारेट आणि खर्रा तर नाहीच.

सिस्ट: हाडात तयार झालेली द्रवाची पिशवी. ती बहुधा कॅन्सर नसते. ती हळूहळू मोठी होत हाड पोखरते, म्हणून काढावी लागते. पूर्ण जबड्याचा एकच एक्स-रे, म्हणजे 'ओपीजी', काढला की तिचा आकार कळतो. काढलेली पिशवी तपासणीला पाठवणे मात्र आवश्यक असते. कारण 'ॲमेलोब्लास्टोमा' नावाची एक गाठ एक्स-रेवर सिस्टसारखीच दिसू शकते. हीसुद्धा बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण नुसती खरवडून काढली तर पुन्हा उगवते. त्यामुळे आजूबाजूचे थोडे चांगले हाडही काढावे लागते.

टोरस: टाळूच्या मधोमध किंवा खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला जन्मजात ठेवणीमुळे वाढलेला हाडाचा टणक उंचवटा. एखाद्या दिवशी जीभ लागते, माणूस आरशात पाहतो आणि हादरतो. डॉक्टरांनी टोरस असल्याची खात्री केली की पुढे बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही.

वरचा दात काढला की नजर जाते, हा समज अजूनही ऐकू येतो. दाताची आणि डोळ्याची नस वेगवेगळी आहे. दात काढल्याने दृष्टी कमी होत नाही. उलट या भीतीने सडलेला दात तसाच ठेवला, तर पुढच्या गटातला आजार होऊ शकतो.

येथे वाट पाहू नये

ॲबसेस म्हणजे पू साठलेली गाठ. किडलेल्या दाढेच्या मुळाशी जंतुसंसर्ग होतो आणि पू साठतो. तो एका जागी न राहता मऊ भागात पसरला की 'सेल्युलायटिस' म्हणतात. गाल लाल, गरम आणि कडक होतो. यात पुष्कळ जण दोन चुका करतात. एक म्हणजे गालावर बाम चोळून बाहेरून शेक देणे. दुसरी म्हणजे औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर आठवडा काढणे. पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते आणि मूळ कारण असलेल्या दाताचा उपचार करावा लागतो. नुसत्या गोळीने दुखणे दबते, आजार आत राहतो.

या गटातला सर्वांत धोक्याचा शब्द 'लुडविग्ज अँजायना'. यातल्या अँजायनाचा हृदयाशी संबंध नाही, येथे अर्थ घसा आवळला जाणे असा आहे. जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रीडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरतो. जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज जड होतो आणि श्वास अडू लागतो. मधुमेह नियंत्रणात नसलेल्यांमध्ये हे फार वेगाने घडते. दाढ दुखत असताना हनुवटीखाली सूज, गिळायला त्रास किंवा ताप ही लक्षणे दिसली, तर सकाळची ओपीडी उघडण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. नागपुरात मेडिकल आणि मेयो येथे रात्रीही ही सोय आहे.

फ्रॅक्चर मॅन्डिबल म्हणजे खालचा जबडा मोडणे. दुचाकीच्या अपघातात हे नेहमी दिसते. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील तर जबडा मोडल्याची शंका घ्यावी. उपचारात लहान धातूच्या पट्ट्या बसवतात किंवा वरचे-खालचे दात तारेने काही आठवडे बांधून ठेवतात. बांधलेल्या काळात पातळ आहार घ्यावा लागतो. उलटी झाली तर तार कशी आणि कशाने कापायची, हे घरी जाण्यापूर्वी शिकून घ्यावे.

मूल हनुवटीवर पडले तर हनुवटीची जखम शिवली जाते, पण कानासमोरच्या सांध्याकडे दुर्लक्ष होते. तो सांधा मोडला आणि पुढे हाडाने जुळून घट्ट झाला, तर त्याला 'अँकिलोसिस' म्हणतात. मुलाचे तोंड उघडत नाही आणि खालचा जबडा वाढत नाही. म्हणून अशा पडण्यानंतर मुलाचे तोंड पूर्ण उघडते का, हे पुढचे काही महिने पाहत राहावे.

सर्वांत सावकाश, सर्वांत घातक

आता विदर्भाच्या जिव्हाळ्याच्या आणि दुखण्याच्या विषयाकडे. तोंड कमी उघडणे याला 'ट्रिसमस' म्हणतात. सुजलेल्या अक्कलदाढेमुळे तो चार दिवस राहतो आणि जातो. वर्षानुवर्षे हळूहळू तोंड मिटत जाते, तेव्हा केसपेपरवर बहुधा 'ओएसएमएफ' अशी अक्षरे असतात. पूर्ण नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली दोऱ्यासारखे कडक तंतू तयार होतात आणि गालाची लवचीकता जाते.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन केले. कारण नंतर स्पष्ट होत गेले, ते म्हणजे सुपारी. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवते. तयार झालेले तंतू नेहमीच्या वेगाने विरघळत नाहीत आणि साठत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर घडवणारा पदार्थ ठरवले.

'आमच्या मुलाच्या पुडीत तंबाखू नाही, नुसती गोड सुपारी आहे' असे सांगणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. ओएसएमएफ होण्यासाठी तंबाखूची गरज नसते.

महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ च्या जुलैमध्ये बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांसमोर तयार होतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. सुपारीने तंतू वाढतात, तंबाखूत कॅन्सरजनक द्रव्ये असतात आणि चुन्याने अस्तर सोलवटते. तिन्ही गोष्टी एकाच जागी, दिवसातून अनेकदा, तासन्‌तास. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. त्यातला फार मोठा भाग धूम्रपानाचा नव्हे, तोंडात धरण्याच्या तंबाखूचा होता.

आजार सुरू होतो तो जळजळीने. कालपर्यंत आवडीने खाल्लेले तर्री-पोहे झोंबू लागतात, सावजी रस्सा नको वाटतो. माणूस म्हणतो, पोटात उष्णता वाढली. मग तोंड कोरडे पडते, टाळू पांढरट दिसू लागते. गुपचुप अख्खी तोंडात जाईनाशी होते. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. शेवटी दाढेपर्यंत ब्रशही पोचत नाही. हे सगळे होण्यात कधी कधी अनेक वर्षे जातात आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस सवय करून घेतो. घास लहान करतो, तिखट सोडतो. खर्रा तेवढा सोडत नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालायची. सहज गेली तर तोंड ठीक उघडते. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. दोनच बोटे जात असतील तर तपासणी करून घ्यावी. एकच जात असेल तर आजार बराच पुढे गेला आहे.

उपचाराबद्दल खरे ते सांगायला हवे. तयार झालेले तंतू पूर्णपणे नाहीसे करणारे औषध आज नाही. सुपारी-तंबाखू पूर्ण बंद केली तर आजार पुढे सरकणे थांबू शकते आणि जळजळ कमी होते. सुरुवातीच्या टप्प्यात गालात इंजेक्शने देतात आणि तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतात. पुढच्या टप्प्यात तंतूंचे पट्टे कापून तिथे गालातील चरबीचा किंवा नाकाशेजारच्या त्वचेचा तुकडा बसवतात. त्यानंतरचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागतात. ते दुखतात म्हणून सोडले, तर तोंड पुन्हा मिटते.

ओएसएमएफ हा कॅन्सर नाही. तो कॅन्सरची जमीन तयार करणारा आजार आहे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षांच्या काळात लक्ष ठेवले गेले, त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. याचा अर्थ बहुतेकांना होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगता मात्र येत नाही. म्हणून सवय सुटल्यानंतरही ठरलेल्या मुदतीने दाखवत राहावे लागते.

चट्टा, जखम आणि बायोप्सी

पुसला तरी न जाणारा आणि दुसरे कारण न सापडणारा पांढरा चट्टा म्हणजे 'ल्युकोप्लाकिया'. मखमली लाल चट्टा म्हणजे 'एरिथ्रोप्लाकिया'. लाल चट्टा तुलनेने कमी दिसतो, पण अधिक धोक्याचा असतो. या दोन्हींमध्ये दुखत नाही, हीच अडचण. दुखत नाही म्हणून दाखवले जात नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कोणतीही जखम, ती दाताच्या टोकाने झाली असे वाटत असले तरी, डॉक्टरांना दाखवावी.

येथे 'बायोप्सी' हा शब्द येतो. त्या जागेचा छोटा तुकडा भूल देऊन काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मानेतली गाठ असेल तर सुईने पेशी ओढून पाहतात, त्याला 'एफएनएसी' म्हणतात. 'हात लावला की कॅन्सर पसरतो' या भीतीपायी कितीतरी जण येथूनच माघारी फिरतात. बायोप्सीमुळे तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीनंतर आजार वाढलेला दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा बायोप्सीच उशिरा झालेली असते किंवा अहवाल आल्यावर उपचाराला उशीर केलेला असतो. बायोप्सी करा म्हणजे कॅन्सर आहे, असेही नाही. अनेक अहवाल निर्धोक येतात आणि मनावरचे ओझे उतरते.

कॅन्सर निघालाच तर

मग काही नवे शब्द कानावर पडतात. 'स्टेज' म्हणजे आजार किती पसरला आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतची, फार खोल न गेलेली आणि मानेत न पोचलेली गाठ पहिल्या टप्प्यात मोडते. 'मार्जिन' म्हणजे गाठीभोवतीची निरोगी कड, जी गाठीबरोबर काढली जाते. 'मॅन्डिबुलेक्टॉमी' म्हणजे खालच्या जबड्याचा आणि 'मॅक्सिलेक्टॉमी' म्हणजे वरच्या जबड्याचा भाग काढणे. 'फ्लॅप' म्हणजे छाती, हात किंवा पायाचा भाग आणून ती पोकळी भरणे. पायातील फिब्युला या हाडापासून नवा जबडाही घडवतात.

'गाठ तोंडात आहे, मग मानेचे ऑपरेशन कशाला?' हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील एका अभ्यासाने दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कॅन्सरचे ५०० रुग्ण होते. त्यांच्या मानेत गाठी लागत नव्हत्या. ज्यांच्या मानेतील लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या शस्त्रक्रियेलाच 'नेक डिसेक्शन' म्हणतात.

मॅक्सिलेक्टॉमी हा शब्द नागपूरकरांनी २०२१ मध्ये वेगळ्या कारणाने ऐकला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारात अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला पडलेले भोक बंद करणाऱ्या कवळीसारख्या साधनाला 'ऑब्च्युरेटर' म्हणतात. तो बसवला की अन्न नाकात जात नाही आणि बोलणे स्पष्ट होते. मधुमेह असलेल्यांनी गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे किंवा वरचे दात अचानक हलणे ही लक्षणे आजही दुर्लक्षू नयेत.

डॉक्टरांना सांगायचे, डॉक्टरांना विचारायचे

दात काढण्यापूर्वी चार गोष्टी न विचारता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी हाडांची इंजेक्शने घेतली आहेत का आणि तोंडाला-मानेला पूर्वी रेडिएशन दिले आहे का. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये, ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना विचारावे. रेडिएशन दिलेल्या जबड्यातील दात काढल्यास हाड मरून जखम न भरण्याचा धोका असतो. म्हणून खराब दात रेडिएशनपूर्वीच काढतात.

आणि केसपेपर हातात पडल्यावर तीन प्रश्न विचारावेत: मला काय झाले आहे ते मराठीत सांगा, हे थांबू शकते की घाई करायची, पुन्हा कधी यायचे? डॉक्टरांपुढे रांग असते, तरीही हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. शक्य असल्यास घरातल्या एकाला सोबत न्यावे, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धेच ऐकू येते.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. खर्रा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर उभे राहून गाल, जीभ आणि टाळू पाहावी, आणि तीन बोटे तोंडात जातात का तेही पाहावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही बोलवावे. दोनच बोटे गेली तर त्याला रागावण्यात वेळ घालवू नये. उद्या सकाळी त्याच्यासोबत ओपीडीत जावे.